वजन उतरलं तर डॉक्टरचं, चढलं तर पेशंटचं

दोन महिन्यांपूर्वी आपाला तिच्या हॉस्पिटलमधून फोन आला. ऑपरेशनला चार वर्षं होऊन गेलीत. या चार वर्षांत तिकडून स्वतःहून आलेला हा तिसरा फोन. पहिला राहिलेल्या बिलाचा होता, दुसरा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. या वेळी पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आमचा पेशंट मेळावा आहे. तुमचा ऑपरेशनआधीचा आणि आत्ताचा फोटो मिळेल का?" आपा म्हणाली, "देते की. पण वजन परत सोळा किलो वाढलंय, चालेल का?" पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग, "नाही, मग राहू द्या मॅडम."

आपाने हे मला हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. म्हणून हा लेख.

आपा माझी थोरली बहीण, सोलापूरला असते. तिचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहायचं नाही, असं तिने बजावलंय. ऑपरेशनच्या वेळी ती त्रेचाळीसची होती, वजन ११२ किलो. शुगर, थायरॉईड, दोन्ही गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. तीन बाळंतपणं आणि वीस वर्षं शिलाई मशीनसमोर बसून काढलेली. लग्नाकार्यात बायका तिच्या ताटाकडे बघायच्या, म्हणून ती घरूनच जेवून जायची. पुण्याच्या एका हॉस्पिटलात तिचं स्लीव्ह झालं. म्हणजे जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. कापलेला भाग परत जोडता येत नाही. त्याच भागात भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूकच मरते. पहिल्या सव्वा वर्षात ती ७४ किलोवर आली. शुगरची गोळी सुटली. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की हा माणूस ऑपरेशनच्याच विरोधात आहे.

मी विरोधात नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांवर अशी ऑपरेशनं झाली होती. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, हे २००७ साली प्रसिद्ध झालं. पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला जातं आणि त्यानंतर काही प्रमाणात परत चढतं. सगळ्यांचं नाही, सारखंही नाही, पण चढतं. ही या शाखेतल्या प्रत्येक सर्जनला माहीत असलेली गोष्ट आहे. माझा सवाल एवढाच आहे की ती आपाला का माहीत नव्हती?

पहिल्या भेटीला मी सोबत होतो. बाहेर भिंतभर फोटो. डावीकडे उदास, ढगळ कपड्यांतला माणूस, उजवीकडे तोच माणूस जुन्या पँटचा कंबरपट्टा हातभर पुढे ओढून हसतोय. आत सर्जनने आम्हाला दहा-बारा मिनिटं दिली. रिपोर्ट चाळले, कागदावर जठराचं चित्र काढलं, पॅकेज सांगितलं. मग आमची नावं पुन्हा एकदा बघून म्हणाले, "तुमच्यात बिर्याणी बंद करणं अवघड, त्यापेक्षा पोटच लहान करून टाकू." आपा हसली. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते. आपाच्या घरी बिर्याणी महिन्यातून एखाद्या वेळी होते. झालीच तर सगळ्यांना वाढून झाल्यावर डेगच्याच्या तळाला जे उरेल ते ती खाते. रोजचं जेवण म्हणजे भाकरी, डाळ आणि शेंगाची चटणी, शेजारच्या कुलकर्णी-पाटलांच्या घरात असतं तेच. पण त्या खोलीत तिचा आजार दोन वाक्यांत तिच्या धर्माच्या ताटात गेला. ज्याने ठरवूनच टाकलंय की ही बाई खाऊन खाऊन अशी झालीय, तो तिला पुढे काय खाता येणार नाही हे कशाला समजावून सांगेल?

नाहीच सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गळायला लागले. हे नेहमीचं असतं, बहुतेकांचे परत येतात, पण हे तिला मोहल्ल्यातल्या ब्युटी पार्लरवालीने सांगितलं. दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं, जेवणासोबत प्यायचं नाही, हे डिस्चार्जच्या इंग्रजी कागदावर होतं. आपाचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत.

मग रमजान आला. ऑपरेशनला पाच महिने झाले होते. तिने हॉस्पिटलला फोन करून विचारलं, रोजे ठेवू का? उत्तर आलं, "तो तुमचा पर्सनल चॉइस आहे मॅडम." ज्या बाईच्या पोटात एका वेळी छोट्या कपापेक्षा जास्त मावत नाही, तिने सहेरीला पाणी किती पिऊन ठेवायचं? चौदा तास कोरडी राहिली तर काय होईल? औषधं कधी घ्यायची? इफ्तारला खजूर आणि सरबत पोटात गेल्यावर काय होईल? एवढ्या प्रश्नांना 'चॉइस' म्हणणं म्हणजे हात झटकणं आहे. आपाने रोजे ठेवले. सहाव्या रोज्याला चक्कर येऊन पडली, दोन दिवस सलाईनवर होती. सोलापूर शहरात आणि पुण्यातही मुसलमान काही काल राहायला आलेले नाहीत. दरवर्षी रमजान येतो हे हॉस्पिटलला कॅलेंडर बघूनही कळलं असतं.

इथे आपल्या लोकांनाही मी सोडणार नाही. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते कशापासून बनतं कोण जाणे, असं एका नात्यातल्या बाईने आपाला सांगितलं. आपाने कॅप्सूल बंद केल्या. कुणालाही न सांगता, दहा महिने. कुणी म्हणालं, अल्लाहने दिलेलं शरीर कापून घेतलंस, आता भोग. आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा आहे, पुढे कधीच ठेवता येणार नसेल तर फिदिया आहे, हे जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकलंय? तिलाही ते ठाऊक होतं. पण 'बारीक व्हायला ऑपरेशन केलं' हा आजार मानायलाच कुणी तयार नव्हतं, तर सवलत कुठून घेणार? आणि मी, मोठा लिहिणारा-वाचणारा भाऊ, पुण्याहून फोनवर "कशी आहेस?" विचारायचो. ती म्हणायची, "मजेत आहे रे." मी फोन ठेवायचो.

तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना उतरताना पाय कुठे पडतोय कळेना. तेव्हा गल्लीतल्या साध्या फिजिशियनने रक्त तपासलं. बी-बारा तळाला गेलं होतं. जठराचा मोठा भाग गेल्यावर अन्नातलं बी-बारा अंगी लागणं अवघड होतं. म्हणून ते आयुष्यभर वेगळं घ्यावं लागतं आणि रक्तही तपासत राहावं लागतं. ते इंजेक्शनने घेता येतं, गोळीतूनही घेता येतं, जिलेटिनचा प्रश्नच येत नाही. हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. त्यासाठी "कॅप्सूल घेता का?" एवढं कुणीतरी विचारायला हवं होतं.

वजन चढायला लागल्यावर आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. या वेळी सर्जन भेटले नाहीत, आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी वजन केलं, फाइल पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्ही चीट केलंत." आपा खाली मान घालून बसली होती, शाळेत वही विसरलेल्या मुलीसारखी. ३८ किलो उतरले तेव्हा तो सर्जनच्या हाताचा गुण होता. १६ किलो चढले तेव्हा ती आपाच्या जिभेची चूक झाली. हा हिशेब मला कुणीतरी समजावून द्यावा. गुडघा बदलल्यावर सांधा सैल झाला तर कुठला हाडांचा डॉक्टर पेशंटला 'चीटर' म्हणतो?

आता मुंबईतली एक गोष्ट आठवून बघा. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अब्द अल-आती कार्गो विमानाने मुंबईला आणली गेली. वजन ५०० किलोच्या आसपास सांगितलं जायचं, वय छत्तीस. व्हिसासाठी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मदत केली होती. चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये तिला क्रेनने वर चढवलं, सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या टीमने उपचार केले, मार्चमध्ये स्लीव्ह झालं. त्यासाठी देणग्या गोळा झाल्या होत्या, खूप लोकांनी मनापासून मेहनत घेतली, हे नाकारण्याचं कारण नाही. एप्रिलमध्ये मात्र इमानच्या बहिणीने व्हिडिओ काढून आरोप केला की वजनाचे आकडे खोटे आहेत आणि इमानची तब्येत सुधारलेली नाही. हॉस्पिटलने आरोप फेटाळले. मे महिन्यात इमानला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे ती वारली. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार जडलेले होते.

कोण खरं, कोण खोटं, याचा निवाडा मी करत नाही. माझं लक्ष त्या भांडणातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. डॉक्टरांच्या बाजूचं म्हणणं असं होतं की वजनाचं आमचं काम झालं, पुढचा इलाज मेंदूविकाराचा आहे. बहिणीला वाटत होतं की इमान चालत घरी यायला हवी. एकाच पेशंटबद्दल दोन वेगळी वचनं दोन माणसांनी गृहीत धरली होती. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट व्हायला हवं होतं की नंतर टीव्हीवर? आणि पक्षाघातामुळे नीट बोलू न शकणाऱ्या इमानला स्वतःला काय हवं होतं, हे मला त्या महिन्यांच्या बातम्यांत कुठेच सापडलं नाही. सगळीकडे फक्त किलो होते.

आपल्याकडे कायद्याचा आधार नाही असंही नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ साली सांगून ठेवलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय आहे, कशासाठी आहे, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे पेशंटला पुरेसं कळलं पाहिजे. आपाने सही केलेला फॉर्म चार पानी इंग्रजी होता. नर्सने फुल्या मारून दिल्या होत्या, इथे, इथे आणि इथे. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करू नये, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियमही सांगतात. मग भिंतीवरचे ते हसरे फोटो काय आहेत? जाहिरात हॉस्पिटलची, फोटो पेशंटचा, नाव सर्जनचं, अशी वाटणी करून नियमाला बगल दिली जाते.

आता वजनाची इंजेक्शनं आलीत. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही दोन्ही भारतात विकायला लागली. आपाच्या मोबाइलवर रोज त्यांचे व्हिडिओ येतात. ते थांबवल्यावर वजनाचं काय होतं, हे त्या व्हिडिओंत शोधून बघा.

मला सर्जन लोकांकडून दया नको, हिशेब हवा. प्रत्येक हॉस्पिटलने आपल्या पेशंटचं पाच वर्षांनंतरचं वजन आणि रक्ताचे रिपोर्ट एकत्र करून जाहीर करावेत. जे परत आलेच नाहीत त्यांची संख्याही त्यात असावी. पॅकेजमध्ये एसी खोली असते, टीव्ही असतो, तर पाच वर्षांच्या रक्ततपासण्या का नसाव्यात? ऑपरेशन ठरवण्याआधी ज्याला पाच वर्षं झालीत अशा एका माणसाशी पेशंटची गाठ घालून द्यावी, तीही सर्जन खोलीत नसताना. आणि कागद मराठीत, उर्दूत, हिंदीत द्यावा. पोट सोलापूरचं आहे, लंडनचं नाही.

मोहल्ल्यात परवा एका तरुण पोरीचं ऑपरेशन ठरलं. लग्न जमत नाही म्हणून. तिच्या अम्मीने आपाला घरी बोलावलं, चहा ठेवला आणि आत नेऊन विचारलं, "सच बोल आपा, कराना क्या नक्को?" आपाने ना हो म्हटलं, ना नाही. स्वतःची प्लास्टिकची पिशवी उघडली. त्यात चार वर्षांचे रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि एका वहीत तारखेनिशी लिहिलेलं वजन होतं. पोरीला शेजारी बसवलं आणि पहिल्या पानापासून वाचून दाखवायला सुरुवात केली. ती पोरगी दोन तास बसली होती. पुढच्या आठवड्यात ती पुण्याला जातेय, सोबत आपाही जातेय. वहीच्या शेवटच्या पानावर दोघींनी मिळून सर्जनला विचारायचे प्रश्न लिहून काढलेत. सतरा झालेत.