अमेरिकेचा दाखला पुरता वाचा

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची मुलं जवळच्या मोठ्या ‘समूह शाळे’त न्यावीत, यासाठी राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर 2023 मध्ये जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात तेव्हा पंधरा हजारांच्या घरात होत्या. या योजनेची बाजू घेणारे एक दाखला हमखास देतात: अमेरिकेनेही खेड्यातल्या एकशिक्षकी शाळा मोडून मोठ्या शाळा केल्या. दाखला खरा आहे, पण अर्धा आहे.

त्या देशाने आधी काय केलं ते पाहा. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1647 साली कायदाच केला की पन्नास घरांच्या वस्तीने लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमला पाहिजे. 1785 च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडच्या प्रत्येक टाउनशिपच्या 36 भागांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखला. गाव वसायच्या आधी शाळेची जागा ठरली होती! होरेस मान यांनी 1837 पासून सरकारी खर्चाच्या शाळेसाठी रान उठवलं आणि 1918 पर्यंत सगळ्या राज्यांत शिक्षण सक्तीचं झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एकशिक्षकी शाळा सुमारे दोन लाख होत्या. त्यांतल्या बहुतेक मोडल्या त्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांत, रस्ते आणि मोटारी गावोगाव पोचत गेल्या तसतशा. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्याच टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी 1939 साली परिषद भरवून शाळेच्या बसचे निकष ठरवले. तिचा पिवळा रंग तेव्हापासूनचा. शाळा लांब गेली तशी मुलाला नेण्या-आणण्याची जबाबदारीही सार्वजनिक खर्चात आली. आणि एवढं करूनही वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात 1990 नंतर शेकडो शाळा बंद झाल्यावर लहान मुलांचे बसमधले तास वाढले, पालक चिडले. ते कोणी सांगत नाही.

आपला हिशेब वेगळा आहे. आपला भंडारा जिल्हा ज्या मध्य प्रांतात होता, तिथल्या 1920 च्या कायद्याने सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोडलं. मुलाला शाळेचा कायदेशीर हक्क मिळाला तो 1 एप्रिल 2010 पासून, आणि नियमांनी अंतरही ठरवून दिलं: प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत.

हे अंतर भंडारा जिल्ह्यात किती मोलाचं आहे ते जुलैत पवनी किंवा लाखांदूरकडे जाऊन पाहावं. रोवणी सुरू असते. आई सकाळीच पऱ्हे उपटायला गेलेली, बाप बांधीत चिखलणीला. चौथीतली मुलगी धाकट्या भावाचा हात धरून शाळेत येते, दुपारी दोघं खिचडी खातात आणि सुट्टी झाली की घर उघडतात. शाळा गावात आहे म्हणून हे जमतं. तीच शाळा नाल्यापलीकडच्या गावी गेली की पहिला मोठा पाऊस झाल्यावर ती पोरगी घरी बसेल, आणि भाऊ सांभाळायला माणूस मिळाला म्हणून घरचेही फारसं बोलणार नाहीत. गाडीची सोय करू, असं सांगतात. पूर आलेल्या नाल्यावरून गाडी कशी जाणार?

एका गोष्टीत योजनेची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी मान्य करतो. चार वर्गांना एकच गुरुजी, त्यांच्याच मागे ऑनलाइन माहितीचा तगादा, ही शाळा नीट चालत नाही. पण त्यावर इलाज म्हणजे दुसरा गुरुजी. रिकामं पद वर्षानुवर्षं भरायचं नाही, पालकांनी कंटाळून मुलाला कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसवायचं, आणि मग पट घटला म्हणून शाळेलाच दोषी धरायचं, हा न्याय नाही.

लहान शाळेत दोन शिक्षक द्या. इंग्रजी, विज्ञान, खेळाचा शिक्षक केंद्रातल्या चार-पाच शाळांना मिळून द्या, तो गावोगाव फिरू दे. महिन्यातून एखाद्या दिवशी सगळी मुलं केंद्रशाळेत एकत्र आणा. सहा वर्षांच्या लेकरापेक्षा पगारी शिक्षकाने प्रवास करणं सोपं आहे. याला पैसा लागेल, आणि तो सरकारने खर्च केलाच पाहिजे.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. भंडाऱ्यातल्या पालकांनो, पटाचं पत्र गावात यायची वाट पाहू नका. आजच सभा बोलवा, शाळा गावातच राहावी असा लेखी ठराव घ्या आणि रिकामी जागा कोणत्या तारखेला भरणार, हे त्याच ठरावात विचारा.