रात्रपाळीनंतरचे धुके

सकाळी सहाला भिलाई पोलाद कारखान्याची रात्रपाळी सुटते. स्कूटर, मोटारसायकली सेक्टरांकडे वळतात. घरी आलेल्या नवऱ्याला मुलाच्या फीची गोष्ट तीनदा सांगावी लागते. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, शब्द ओठांवर येऊन अडतो. बायकोला वाटते, यांचे घरात लक्षच नाही. त्याला मनातून भीती, विसरण्याचा आजार तर जडला नाही ना?

डोक्याच्या या जडपणाला हल्ली 'ब्रेन फॉग', म्हणजे मेंदूवरचे धुके म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. आणि पाळीवाल्यांत त्याचे नेहमीचे कारण म्हणजे अपुरी झोप.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. अशी भट्टी रोज विझवता येत नाही, म्हणून तीन पाळ्या. शरीराचे घड्याळ मात्र सूर्यप्रकाशावर चालते. त्यामुळे दिवसाची झोप तुटक होते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा आहे ०.०३ टक्के! दुपारी बाराला उठून रात्रपाळी करणारा सकाळी सहाला १८ तास जागा असतो. डोळे मिटत असतील तर त्याने गाडी चालवू नये.

उपाय घरातच आहेत. खोलीत जाड पडदे लावावेत, फोन बंद ठेवावा. पाळीला निघण्यापूर्वी तास-दीड तास झोप घ्यावी. चहा पाळीच्या सुरुवातीला प्यावा, पहाटे नको. पैशांचे निर्णय आणि वादाचे विषय संध्याकाळसाठी ठेवावेत.

सुट्टीत भरपूर झोपूनही धुके हटत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, घोरताना श्वास अडखळणे, उदासीनता, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, यांपैकी काहीही कारण असू शकते. अचानक बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

आणि पाळी एकट्या त्याचीच नसते. पहाटे डबा करणारी, रात्री दहानंतर ताट वाढणारी गृहिणीही तितकीच तुटक झोपते. स्त्रियांत रक्तक्षय अधिक आढळतो. म्हणून तपासणीला दोघांनी बरोबर जावे.