टाळेबंदी उठली, हिरड्यांचे काय?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दातांचे दवाखाने तातडीच्या उपचारांपुरतेच उरले. त्याला कारणही होते. दात साफ करण्याच्या यंत्रातून पाण्याचे व लाळेचे बारीक तुषार उडतात आणि करोनाचा विषाणू लाळेतही असतो. कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात दाताच्या डॉक्टरांकडे जायचे ते दुखणे असह्य झाल्यावरच, अशी रीत आधीपासूनच. महासाथीत ते आणखी लांबणीवर पडले.

हिरड्यांचा आजार मात्र टाळेबंदी पाळत नाही. दातांवरचा मऊ थर रोज निघाला नाही, तर काही दिवसांतच त्याचे कठीण किटण बनते. मग ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येते, पण सहसा दुखत नाही. म्हणून दुर्लक्ष होते. दात हलू लागतो तेव्हा आतले हाड झिजलेले असते आणि ते आपोआप भरून येत नाही. मिश्री लावणाऱ्यांना ती दात स्वच्छ करते असे वाटते. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्यांचे नुकसान होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात. हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने राज्याला हादरवले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही त्याची मोठी कारणे होती. तो अस्वच्छ दातांमुळे होणारा आजार नव्हे. पण वरचे दात अचानक हलणे, हिरडीतून पू येणे, गाल बधिर होणे ही त्याची चिन्हे तोंडातच दिसत होती. रोज आरशात तोंड पाहणाऱ्याला ती लवकर कळतात.

दिवसातून दोनदा, दोन मिनिटे, मऊ ब्रशने दात घासावेत. ‘दात साफ केले की हलतात’ हा गैरसमज सोडावा; किटणाने आधीच सैल झालेला दात किटण निघाल्यावर फक्त लक्षात येतो.

तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत रक्तदाब व साखरेबरोबर कर्करोगासाठी तोंडही पाहिले जाते. त्याच वेळी हिरड्यांवर नजर टाकायला वेगळा खर्च लागत नाही. पुढची साथ कधी येईल, हे कोणालाच ठाऊक नाही. तोवर गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत एवढी सवय लागली, तरी पुष्कळांचे दात वाचतील.