कुत्र्यांना रँक नसते

छावणी अंबाल्याची असो, बबिन्याची की जोरहाटची. बंगल्यात दुसरा कुत्रा आला की सल्ला एकच मिळतो. "सीनियर कोण ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. एकदा जुंपली की सगळं सुरळीत होईल." आम्हा फौजी माणसांना हे लगेच पटतं, कारण रँकशिवाय जग आम्हाला दिसतच नाही. पण हा सल्ला साफ चुकीचा आहे.

रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' हा शब्द घरोघरी नेला. पुढे रानातले कळप पाहून १९९९ मध्ये मेक यांनीच सांगितलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. शास्त्रज्ञाने आपलं मत बदललं, आमच्या मेसमधल्या गप्पांनी नाही.

घरातले कुत्रे भांडतात ते जेवणाच्या ताटलीवरून, अरुंद दारातून, मालकाच्या शेजारच्या जागेवरून. म्हातारा लॅब्रॅडॉर अचानक चिडका झाला, तर आधी त्याचे सांधे डॉक्टरांना दाखवा. दुखणाऱ्या कंबरेवर तरणं पोर येऊन आदळलं, तर तुम्हीही गुरगुराल.

दुसरा सल्ला याहून वाईट: गुरगुरला की हाणा. अहो, गुरगुरणं म्हणजे संत्र्याचं "थम! कौन आता है?" आहे. ललकारल्याबद्दल संत्र्याला बडवलंत, तर पुढच्या वेळी तो न ललकारता थेट गोळी झाडेल. कुत्राही तेच करतो, फक्त दातांनी.

करायचं ते साधं आहे. जेवण वेगळ्या खोल्यांत. हाडं, खेळणी समोर पडू द्यायची नाहीत. फिरायला दोघांना दोन माणसांनी, सुरुवातीला अंतर राखून न्यायचं. घरी कोणी नसेल तेव्हा मधलं दार बंद. जुंपलीच, तर मध्ये हात घालायचा नाही. पाणी मारा, फळी किंवा जाड चादर आड घाला. रक्त निघालं असेल, तर प्रशिक्षित माणसाला बोलवा.

यात कष्ट आहेत, म्हणून तर "त्यांचं त्यांना ठरवू द्या" हे सोयीचं वाटतं. मग पोस्टिंगची ऑर्डर येते, आणि 'भांडखोर' ठरलेला कुत्रा गेटबाहेर राहतो. दोन जवानांची रोज मारामारी होत असेल, तर आपण कंपनी कमांडरला जाब विचारतो. घरातला कमांडर कोण, हे सांगायला नको.