60 दिवस झाले म्हणून पाया खोदू नका. आधी पोच बघा

राहू (ता. दौंड) : ऊस गेला, कारखान्याचं बिल खात्यावर आलं की आपल्याकडं लोक घराचं काम काढतात. स्टील, सिमेंट, मिस्त्री सगळं जमतं, अडतं ते परवानगीच्या कागदाला. चकरा मारून माणूस कंटाळला की पारावर कुणीतरी सांगतं, ‘60 दिवस झाले ना, मग परवानगी मिळाल्यातच जमा.’ हे निम्मंच खरं आहे.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम 45 सांगतं, की नियोजन प्राधिकरणानं 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असं मानायचं. यालाच मानीव परवानगी म्हणतात. पण दिवस मोजायचे ते अर्ज पोचल्यापासून, किंवा त्यांनी मागितलेली माहिती तुम्ही दिल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून. म्हणजे 55 व्या दिवशी ‘मोजणी नकाशा जोडा’ असं पत्र आलं, की मागचे 55 दिवस पाण्यात. नकाशा दिला की पुन्हा एकपासून मोजा. खरी मेख इथं आहे. त्रुटी एकदम न काढता एकेक काढली की फाईल वर्षभर फिरते, आणि कागदावर उशीर कुणाचाच दिसत नाही. म्हणून पहिल्याच पत्राच्या उत्तरात लिहून द्या, ‘आणखी त्रुटी असतील तर एकत्रित कळवाव्यात.’ त्या उत्तराची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. एजंटाच्या हातात कागद देऊन मोकळं होऊ नका.

दुसरी अट त्याहून कडक. नकाशा नियमात तंतोतंत बसला पाहिजे. सामासिक अंतर कमी पडलं, तर 60 काय 600 दिवस झाले तरी ते बांधकाम अनधिकृतच. मग नोटीस येते, पाडायचा खर्चही आपल्याच डोक्यावर. शिवाय गृहकर्जाला बँक मंजुरीचा शिक्का मागते, तिथं ‘मानीव’ सांगून भागणं अवघड.

आपलं गाव कुणाकडं येतं, हे तर सगळ्यात आधी पाहायला हवं. 2015 मध्ये झालेल्या पीएमआरडीएत दौंड आणि शिरूरचा काही भागच आहे. तिचं मुख्य कार्यालय आकुर्डीत, म्हणजे आपल्याला अख्खं पुणं ओलांडून जायचं. तिचा 2021 चा प्रारूप विकास आराखडा सरकारनं 2025 मध्ये रद्द केला, त्यामुळं झोनचा घोळ आणखी वाढला. नियोजन प्राधिकरण नसलेल्या ग्रामीण भागासाठी मे 2021 मध्ये सरकारनं वेगळी सोय जाहीर केली. 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीचा कागद, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, नगररचनाकडं जायचं काम नाही. 1600 ते 3200 फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनं 10 दिवसांत शुल्क कळवायचं. ही माहिती किती ग्रामपंचायतींच्या फलकावर लागली आहे, ते येत्या ग्रामसभेत विचारा.

फाईल तरीही हलली नाही तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ती सेवा अधिसूचित असेल, तर मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडली, हे 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात कळतं.

परवानगी नाकारली तर 40 दिवसांत शासनाकडं अपील आहे. पण तोंडी ‘होणार नाही’वर अपील चालत नाही, त्यामुळं नकारसुद्धा लेखीच मागा.