आरशातला चंद्र

बाळ श्रीरामाने खेळावयास आकाशातील चंद्र मागितला आणि तो मिळेना म्हणून रडून सारा राजवाडा डोक्यावर घेतला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. अखेर त्याच्या हाती आरसा देण्यात आला. त्यात चंद्राचे प्रतिबिंब पाहून बाळ हसले व थोरांची चिंता मिटली. मुलांचे असेच समाधान थोर माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. चंद्राला मामा म्हणावे, त्याच्याकडे बोट दाखवून घास भरवावा. परंतु तो आहे तरी कसा, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

विसाव्या शतकात मात्र मानवाने प्रतिबिंबावर समाधान मानण्याचे नाकारले. १९५९ साली सोव्हिएत रशियाचे ‘लूना २’ हे यान चंद्रावर जाऊन आदळले. पुढे दहाच वर्षांनी, २० जुलै १९६९ रोजी, नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन हे अमेरिकेचे अंतराळवीर चंद्रभूमीवर उतरले. १९७२ च्या डिसेंबरपर्यंत बारा मानव तेथे चालून आले आणि त्यांनी सुमारे ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली.

या मोहिमांच्या मुळाशी दोन बलाढ्य राष्ट्रांची चुरस होती व त्यांपायी अपार द्रव्य खर्च झाले, हे खरे आहे. भुकेल्यांना आधी अन्न द्यावे, चंद्राचे मागाहून पाहावे, असा आक्षेप त्याही काळी घेतला गेला. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु त्या खर्चातून पुढील पिढ्यांच्या पदरी काय पडले, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

१९७२ साली आणलेल्या मातीचे काही नमुने शास्त्रज्ञांनी मुद्दामच उघडले नाहीत. पुढे अधिक सूक्ष्म उपकरणे निर्माण होतील आणि अधिक जाणते अभ्यासक येतील, या विश्वासाने ते तसेच जपून ठेवले. त्यांतील एक मोहोरबंद नळी २०२२ साली उघडण्यात आली. ती चंद्रावर भरली गेली, तेव्हा तिच्या अभ्यासकांपैकी कित्येकांचा जन्मही झाला नव्हता. न जन्मलेल्या मुलांसाठी प्रश्न राखून ठेवणे, हा त्या मोहिमांचा खरा वारसा होय. ध्वज आणि पाऊलखुणा यांचे मोल त्याहून कमीच आहे.

या वारशाला अपयशाचाही एक पाठ जोडलेला आहे आणि तो भारताने दिला. २०१९ च्या सप्टेंबरात ‘चांद्रयान २’ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान चंद्रपृष्ठाजवळ पोहोचूनही सुखरूप उतरू शकले नाही. शास्त्रज्ञांनी दोष दैवावर ढकलला नाही. त्यांनी चुका शोधल्या, यानाचे पाय अधिक बळकट केले, इंधन वाढविले व उतरण्याची जागा अधिक विस्तीर्ण निवडली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान ३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. अनेक शाळांतून मुलांनी तो क्षण पाहिला व आनंदाने टाळ्या वाजविल्या.

परंतु टाळ्या थांबल्यावर काय उरते? कुतूहल जागे झाले आणि त्याला काम मिळाले नाही, तर ते लवकरच विझते. चंद्राच्या कला घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याने चंद्र आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे स्वतः कधी पाहिले आहे काय? पाहिले नसेल, तर शाळेनेही त्याच्या हाती आरसाच दिला, असे म्हटले पाहिजे. गॅलिलिओने साध्या दुर्बिणीतून चंद्रावरील प्रकाश व छाया पाहिल्या आणि भूमितीच्या आधारे तेथील पर्वतांची उंची काढली. आजच्या मुलाला अंगणात उभे राहून महिनाभर चंद्राची वेळ, आकार व जागा वहीत टिपता येते. त्याला पैसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

असे निरीक्षण करणारी सर्वच मुले अंतराळवीर होणार नाहीत; कोणी शेतकरी होईल, कोणी वैद्य, कोणी शिक्षक. परंतु डोळ्यांनी पाहावे, प्रश्न विचारावा, चूक झाल्यास शोधून सुधारावी, ही सवय प्रत्येकाला जन्मभर उपयोगी पडेल. म्हणून मुलाने चंद्र मागितला, तर त्याचा हट्ट मोडू नये. त्याला वही द्यावी, पेन्सिल द्यावी आणि रात्री त्याच्याबरोबर अंगणात उभे राहावे.