खोली पाहून स्पीकर घ्यावा

घरातल्या काही वस्तू म्हाताऱ्या होतात ते कुणाच्या लक्षातच येत नाही. फ्रिज घरघरू लागतो, पंखा कुरकुरतो, मिक्सर एका सकाळी सरळ संपावर जातो. स्पीकरचे तसे नसते. तो वर्षानुवर्षे हळूहळू उतरत जातो आणि आपले कान त्याच गतीने त्याच्याशी जुळवून घेतात. मग एखाद्या रविवारी साफसफाईसाठी पुढची जाळी काढावी, तर शंकूभोवतीच्या फोमच्या कडेचा बोट लागताच भुगा होतो. इतकी वर्षे आपण काय ऐकत होतो, असा प्रश्न तेव्हा पडतो.

अशा वेळी मध्यमवर्गीय घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘आता कोण बसून ऐकतंय? फोनला जोडायचा एखादा डबा आणा आणि हे ठोकळे भंगारात द्या.’ दुसऱ्या पक्षात बहुधा एकच सभासद असतो. त्याचे म्हणणे, ‘जन्मभर काटकसर केली, आता घ्यायचे तर उत्तमच.’ आणि तो लॅमिंग्टन रोडवर जाऊन कमरेइतक्या उंच मनोऱ्यांच्या किमती विचारून येतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात; फरक इतकाच की दुसऱ्याची चूक फार महाग पडते.

दुकानातली ऐकण्याची खोली ऐसपैस असते, गालिचा असतो, भिंतींना पडदे असतात. आपला हॉल दहा बाय बाराचा. त्यात सोफा-कम-बेड, शोकेस, घडीचे जेवणाचे टेबल आणि कोपऱ्यात शिलाई मशीन. आता थोडे गणित. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. बारा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लाट नेमकी मावते ती सेकंदाला साधारण ४७ कंपनांच्या सुराची; दहा फुटांत मावते ती ५६ कंपनांची. हे त्या खोलीचे स्वतःचे सूर. स्पीकरने ते काढले की खोलीही त्यात आपला आवाज मिसळते. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर त्यांचा घुमारा होतो, आणि खोलीच्या मधोमध उभे राहावे तर तेच सूर जवळजवळ गायब! मोठ्या स्पीकरला हेच खालचे सूर दणक्यात काढता येतात. जादा पैसे त्याचेच घेतलेले असतात. शिवाय लहान घरात तो भिंतीपासून तीन फूट पुढे ठेवायला जागा नसते. कोपऱ्यात सारला की दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाला आणखी जोर देतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो असा.

याउलट एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांपुढे अडचण होती ती बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीची. गाडीत जागा नाही, आणि आवाजाची पारख तर चोख हवी. त्यांनी जेमतेम फूटभर उंच, साडेसात इंच रुंद असा स्पीकर बनवला. त्याचे नाव ‘एलएस थ्री फाइव्ह ए’. मोठा आवाज त्याला झेपत नाही, अतिखर्जही निघत नाही. पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो. गाडीसाठी केलेली ही पेटी जगभरच्या लहान घरांत जाऊन बसली आणि पन्नास वर्षांनंतर आजही परवान्याने बनते. जागेची अडचण ओळखून केलेल्या वस्तूला असे आयुष्य लाभते.

‘पण मग तंबोऱ्याचे काय, डग्ग्याचे काय?’ असे रसिक विचारतील. प्रश्न रास्त आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ कंपनांची. परंतु तंबोऱ्याचे वैभव त्या मूळ कंपनात थोडे आणि जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांच्या रांगेत फार असते. ती रांग चांगला लहान स्पीकर सहज उलगडून दाखवतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा काही भाग कमी पडेल, हे मान्य. पण त्याच्या मोबदल्यात बंदिशीचे शब्द स्वच्छ ऐकू येणार असतील, तर दहा बाय बाराच्या खोलीत तो सौदा मला पटतो.

खरेदीला निघण्यापूर्वी मात्र एक काम करावे. जुना स्पीकर उघडून पाहावा. फोमची कडा आपल्याकडच्या दमट हवेत कुजते. पण शंकू आणि चुंबक शाबूत असतील तर कडा बदलून देणारे कारागीर अजून आहेत. आतल्या क्रॉसओव्हरमधले वाळलेले कपॅसिटर बदलता येतात. चांगल्या जातीचा स्पीकर अशा दुरुस्तीने नव्या किमतीच्या लहानशा अंशात पुन्हा गाऊ लागतो. आपल्या आज्या पैठणीला रफू करत, टाकून देत नसत.

दुरुस्ती शक्य नसेल तर नवा घ्यावा. पण डोळ्यांनी घेऊ नये. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी एक प्रयोग मांडला. श्रोत्यांनी पडद्याआडून ऐकून दिलेले गुण आणि तेच स्पीकर समोर पाहून दिलेले गुण यांत फरक पडला. आडून पसंत पडलेला लहानसा, स्वस्त संच समोर दिसताच उतरला आणि भारदस्त पेट्या वर चढल्या! ऐकणारे सगळेच नवशिके नव्हते, हे विशेष. म्हणून दुकानदाराला विनंती करावी की दोन दिवस जोडी घरी ऐकू द्या. समोर साधी चादर टांगावी, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवावा (जी जरा मोठी वाजते तीच सरस वाटते, हा जुना चकवा आहे), आणि आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे लावावे. घरातल्या सगळ्यांना मत विचारावे. ज्याला हौस आहे त्याचे मत शेवटी.

नव्या जोडीची जागाही घरच्यांनी मिळून ठरवावी. उंच आवाजाची छोटी चकती बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावी. दोन पेट्या आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. उघड्या भिंतीपेक्षा पुस्तकांचे कपाट बरे, फरशीपेक्षा सतरंजी बरी. यांपैकी बहुतेक गोष्टी घरात असतातच, फक्त हलवाव्या लागतात.

आणि शेजारी? खर्ज भिंत मानत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण नियम नसता तरी पलीकडे दहावीचा अभ्यास चालू आहे, हे आपल्याला ठाऊक असतेच. लहान स्पीकर, जवळून, मध्यम आवाजात ऐकणे हे सुजाणपणाचेही लक्षण आहे.

उरला तो पहिला पक्ष, ‘कोण ऐकतंय?’ म्हणणारा. त्याला माझे उत्तर असे. आज घरात चार माणसे असतील तर चौघांच्या कानांत चार वेगळी गाणी वाजत असतात. आजीच्या कानात तर काहीच नाही, कारण ती बोंडे तिला सोसत नाहीत. वयाने कानाचे आधी बारीक, वरचे सूर जातात. तिला स्वच्छ, समोरून येणारा आवाज हवा असतो. हॉलमधला स्पीकर ही एकच जागा अशी आहे, जिथे भाजी निवडणारी आजी आणि अभ्यासातून डोके वर काढणारी नात एकच ठुमरी एकाच वेळी ऐकतात, आणि ‘हे कोण गं गातंय?’ असा प्रश्न निघतो. त्या प्रश्नासाठी पैसे खर्च करायला माझी हरकत नाही. फक्त खोली दहा बाय बाराची आहे, एवढे लक्षात असावे.